मफ्याला लागलेली बारदान्याची सवय

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

तीर्थस्वरूप रेवणसिद्ध मामा यांच्या पायांवर भाचा सिद्धाराम याचं (ओलं) डोकं. शरणु शरणार्थी. बापाला तीर्थरूप लिहायचं आणि मामाला तीर्थस्वरूप, एवढं एक शाळेतलं ध्यानात राहिलंय. बाकीचं सातवीच्या बाकावरच ठेवून आलो, पुढं कुणी उचललं का ते माहीत नाही. इकडं मी खुशाल आहे, फक्त वाळलेला नाही. ताम्हिणीच्या अलीकडं ह्या डोंगरात ज्येष्ठात भिजलेला माणूस दसऱ्याला वाळतो, असं इथली माणसं सांगतात, आणि त्यांच्याकडं बघून ते पटतं. तुमचा गुडघा कसा आहे? उमामामीची साखर आटोक्यात आहे का? म्हैस व्याली का? आणि मामा, दुकानातली पोत्यांची थप्पी कशी आहे? बारदाना कोरडा आहे ना? मामी फोनवर म्हणाली की अलीकडं दुकानात कसलातरी उग्र वास मारतोय, तुम्ही गादी उन्हात टाकली, धूप घातला, आणि सगळ्या गिऱ्हाइकांदेखत मापाड्याला पाय धुऊन येत जा म्हणून बोललात. मामा, लहान तोंडी मोठा घास घेतो, पण त्या गरीब मापाड्यावर एवढ्यात संशय घेऊ नका. त्याचे पाय कसे का असंनात, माणूस नेक आहे. वासाचं कारण कधी कधी लई लांब असतं.

हे पत्र घेऊन ढोकीचा युवराज आला असंल. पुण्याला टेम्पो घेऊन येतो, माल टाकतो आणि परत जातो, तो. त्याला गादीजवळ बसवा, चहा पाजा, आणि मामीच्या हातचं काहीतरी खायला घाला. त्याला घाई असंल, पण पत्र पुरं वाचून होईस्तोवर त्याला सोडू नका. तुम्ही कागद कसा वाचता ते मला पाठ आहे. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, ओठ हलवत, एकेक ओळ दोनदा, आणि मधी दुकानात हलगी वाजली तरी मान वर करायची नाही. तीच रीत आजपण ठेवा. मी जरा लांबण लावतो, ती माझी खोड आहे, तुम्ही मनावर घेऊ नका. फोनच केला असता, पण तुमचा फोन स्पीकरवर असतो. स्पीकरवरचं हमाल ऐकतात, हमालांचं बाजार ऐकतो, आणि बाजाराचं बेंबळीला कधी पोचतं ते बेंबळीलाच ठाऊक. आणि ह्यात बेंबळीला पोचू नये असं बरंच आहे.

बेंबळी म्हणजे अर्थातच बंडप्पाअण्णा. गेल्या साली शिवलीलाची आणि माझी सोयरीक काढून तुम्ही त्यांना दुकानात बोलावलं, तेव्हा ते माझ्याकडं बघून काय म्हणाले ते तुम्ही विसरला असाल, मी नाही. "पोरगं वाईट न्हाय रेवणसिद्धा, पण ह्याच्या बुडाला चाकं हायत." (त्यांचं खरं होतं. ढोकीच्या कारखान्यावर उसाचं ट्रॅक्टर, ते सोडून सोलापुरात हॉटेल, ते सोडून रंगाचं काम, ते सोडून मोबाईलच्या टॉवरवर चढायचं काम, जे मी खाली बघितल्याबरोबर सोडलं.) मग त्यांनी अट घातली की हे पोरगं पुढल्या दिवाळीपर्यंत एका जागी टिकलं तर कुंकू लावू, न्हाय तर माझ्या पोरीला दुसरं ठिकाण आहे. आणि तुम्ही काही एक विचार न करता मांडीवर थाप मारून म्हणालात, "टिकंल!" मामा, शब्द तुमचा आणि पाय माझे, ही वाटणीच मुळात चुकीची होती. तरी पण सांगतो, मी टिकलोय. आजच्या तारखेला टिकलेलो आहे. पुढचं सगळं त्याच्यामुळंच सांगावं लागतंय.

मी ज्या बंगल्यावर आहे तिथं मॅडम आणि साहेब असे दोघंच राहतात. साहेब दिवसात एकदाच बोलतात, तेही संध्याकाळी. त्यांच्या वाटणीचं मॅडम बोलतात. काम सोपं आहे. झाडं बघायची, गेट उघडायचं, बाजार आणायचा. झाडांना पाणी घालायचं काम देवानं स्वतःच घेतलंय. तर उन्हाळा संपता संपता त्यांचा मुलगा आला, एक कुत्र्याचं पिल्लू ठेवून गेला आणि परदेशी निघून गेला. तपकिरी रंगाचं, कान लोंबते, पोट टरबुजासारखं. मॅडमनी त्याचं नाव मफिन ठेवलं. मफिन म्हणजे एक प्रकारचा पाव असतो म्हणं. मी त्याला मफ्या म्हणतो, आणि त्यालाही तेच बरं वाटतं. मॅडमनी मला बोलावून सांगितलं, सिद्धाराम, ह्याला शी-शू बाहेर करायची सवय लागली पाहिजे, हे काम तुझं. मामा, आपल्याकडं कुत्र्याला हे कुणी शिकवलेलं तुम्ही ऐकलंय का? आपल्याकडं कुत्र्याला घरात यायचं नाही एवढंच शिकवतात, मग बाकीचं सगळं बाहेरच होतं. इथं त्याला आधी मांडीवर घेऊन गालिच्यावर लोळवतात, आणि मग म्हणतात बाहेर जा. त्याला वाटतं, आपलं चुकलं काय?

मॅडमनी मोबाईलवर सगळी विद्या काढून ठेवली होती. पिल्लू उठलं की न्यायचं, खाल्लं की न्यायचं, खेळलं की न्यायचं, बाहेर गवतावर उभं करायचं आणि गोड आवाजात "पॉटी, पॉटी" असं म्हणत राहायचं. झालं की शाबासकी द्यायची. विद्या चांगली होती, पण ज्यानं लिहिली त्याच्याकडं पाऊस पडत नसावा. मफ्याला दारात नेलं की तो पायरीवर बसायचा, पावसाकडं बघायचा, मग माझ्याकडं बघायचा. म्हणजे आधी तू जा. मग मी गवतात उतरून त्याच्यावर छत्री धरायचो. छत्री कुत्र्यावर आणि पाऊस माझ्यावर, आणि तोंडानं "पॉटी, पॉटी" चालू. शेजारच्या बंगल्याचा वॉचमन गेटाला लोंबकळून विचारायचा, "काय पाहुणं, तुमचं झालं का त्याचं?" मफ्या छत्रीखाली निवांत फिरायचा, बेडूक हुंगायचा, एखादं पान चावायचा, अंग झाडून माझ्या डोळ्यांत पाणी उडवायचा, आणि घरात आला रे आला की गालिच्याच्या बरोबर मधोमध, जिथं मोराचं चित्र आहे तिथं, निश्चिंत बसायचा. नेम असा की मोराच्या डोळ्याबाहेर एक थेंब नाही. (अशा नेमाचा माणूस आपल्याकडं काट्यावर मिळाला असता तर तुमचं कल्याण झालं असतं.)

मग मॅडमनी दुसरी विद्या काढली. म्हणाल्या, पाऊस संपेपर्यंत घरातच पेपर पसरू, पेपरवर करू दे. तेही मी केलं. आणि मामा, जमत आलं होतं. पण साहेबांचं काय, ते खुर्चीत बसून पेपर असा खाली गुडघ्यांपर्यंत पसरून वाचतात. मफ्याला वाटलं, आपल्यासाठीच धरलाय. एका संध्याकाळी साहेबांनी त्यांचं त्या दिवसाचं वाक्य उच्चारलं. म्हणाले, "आजचा अग्रलेख ओला आहे." पेपर बंद झाले. मॅडमनी मला समोर उभं करून सांगितलं, सिद्धाराम, हे तुला जमणार आहे का, का मी दुसरं कुणी बघू? मामा, मला तिथल्या तिथं बंडप्पाअण्णांचं तोंड दिसलं, आणि शिवलीलाचंही दिसलं, आणि तिच्याशेजारी कुणीतरी दुसरं ठिकाण उभं असलेलं दिसलं. मी म्हणालो, जमणार.

आता इथून पुढं जे झालं त्यात थोडा तुमचाही वाटा आहे, रागावू नका. मी पोरगा असताना दुकानात काकवीचा डबा कलंडला होता, आठवतं? सगळे फडकी शोधत पळाले, आणि तुम्ही बसल्या जागेवरून एक जुनं पोतं त्याच्यावर फेकलं आणि म्हणालात, "बारदान्यासारखा इमानी कुणी न्हाय. सांडलं ते पिऊन घेतो, आणि कुणाला सांगत न्हाय." ते वाक्य माझ्या काळजावर कोरलेलं होतं. आणि तेवढ्यात मामीनं पाठवलेलं पोतं खोलीत पडलेलं दिसलं. ज्वारीचं पीठ, शेंगाची चटणी आणि कडक भाकरी घालून तिनं आषाढात धाडलं होतं, ते. मी विळीनं त्याचे तुकडे केले, कडा सुतळीनं दाभणानं शिवून घेतल्या (तुम्ही शिकवला तसाच टाका), आणि एक तुकडा मागच्या पडवीत टाकला. मफ्या आला. त्यानं हुंगलं. ज्वारीचा वास, आपल्या मातीचा वास, मामीच्या चुलीचा वास. तीन गिरक्या मारल्या आणि बसला! मी एवढा नाचलो की वॉचमन गेटावर येऊन बघून गेला. बक्षीस काय द्यावं सुचंना, तर खिशात कडक भाकरीचा तुकडा होता, तो दिला. कुडूम कुडूम करून खाल्ला, आणि अजून मिळतोय का बघायला परत पोत्यावर जाऊन बसला.

तिथून पुढं मामा, काय सांगू. पोतं म्हणजे काम, आणि काम म्हणजे भाकरी, एवढं गणित त्याला पक्कं बसलं. आपल्या हमालांनापण एवढं लवकर कळत नाही. लागलेली असो वा नसो, पोत्यावर जायचा, दोन थेंब कसेतरी काढायचा, मग माझ्यापुढं येऊन ताठ बसायचा आणि खिशाकडं बघायचा. मजुरी द्या. पाऊस धो धो पडंना का, पडवीतलं पोतं ओलं, पण घर कोरडं, मोर कोरडा. मॅडम तर एवढ्या खूष झाल्या की त्यांनी मुलाला परदेशी फोन लावून माझं कौतुक सांगितलं. साहेब माझ्याकडं बघून हसल्यासारखं करून गेले. मला वाटलं, आता दिवाळी काय, संक्रांत इथंच.

पण मामा, ह्या लोकांच्या घरात बारदान्याला किती मान असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आपण पोतं फाटलं की पायपुसणं करतो, आणि हे पायपुसणं दुकानातून विकत आणतात. उशांना पोत्याचे अभ्रे. जेवायच्या टेबलावर मधोमध पोत्याची पट्टी. दिव्याला पोत्याचं टोपरं. भिंतीवर पोत्याचा एक तुकडा काच लावून टांगलाय, त्याच्यावर काही लिहिलंपण नाही, मार्कापण नाही, नुसता टांगलाय. इतके दिवस मी त्या वस्तूंवरून झाडू फिरवत होतो, पण हे पोतं आहे हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, कारण श्रीमंताच्या घरातल्या वस्तूला आपण त्या नावानं बघत नाही. मफ्यानं मात्र बघितलं. पहिला गेला अभ्रा. मी तो गुपचूप धुतला, आणि दोन रोज वाळला नाही म्हणून गॅसवर शेकला, आणि थोडा जळला, आणि मग ती उशी उलटी ठेवली. मग पायपुसणं. मग एकदा तो भिंतीवरच्या तुकड्याखाली बसून वर बघत होता, तेव्हा मी त्याला उचलून पडवीत नेलं. त्याला सगळीकडं काम दिसायला लागलं होतं, आणि मला सगळीकडं भाकरी द्यावी लागत होती, कारण नाही दिली तर भुंकायचा आणि मॅडम विचारायच्या काय झालं.

अशात एके दिवशी दुपारी, ढग डोंगरावरून खाली उतरून गेटापाशी उभे असताना, त्या ढगातून बंडप्पाअण्णा आले. न सांगता, न कळवता. जावई टिकलाय का स्वतःच्या डोळ्यांनी बघतो म्हणून बेंबळीहून एसटीनं पुणं आणि पुण्याहून इथं. आणि मामा, डोक्यावर पोत्याची खोळ! आपल्याकडं त्या दिवशी टिपूसही नव्हता, पण माणूस पोतं काखेत घडी घालून निघाला, पाऊस लागला की एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात खोवून डोक्यावर. कपाळावरची विभूती वाहून मिशीत उतरलेली. मॅडम आत या म्हणाल्या तर म्हणाले, नको, पाय चिखलाचे आहेत, आणि पडवीच्या पायरीवरच उकिडवे बसले. खोळीचं मागचं टोक पडवीभर पसरलेलं. त्याच पडवीत. त्याच जागी.

ते मला विचारत होते मालकीण कशी हाय, जेवण कोण करतं, दारूबिरू घेतोस का, आणि त्यांच्या पाठीमागून मफ्या येताना मला दिसत होता. मामा, मी काय करणार? हाड म्हणावं तर सासऱ्याच्या तोंडावर कसं म्हणायचं? डोळ्यानं खुणा केल्या तर अण्णा म्हणाले, "डोळं आलेत का रं?" तोवर तीन गिरक्या झाल्या होत्या. तो बसला. नीट, सावकाश, सकाळपासूनचं. पोत्यानं इमानेइतबारे सगळं पिऊन घेतलं आणि कुणाला न सांगता वर चढवलं. अण्णा बोलता बोलता थांबले, धोतर चाचपलं आणि म्हणाले, "काय रं सिद्धाराम, हितलं पाणी गरम कसं लागतंय?"

मी म्हणालो, "अण्णा, डोंगराळ मुलूख. हितं असाच पडतो."

अण्णांनी मान हलवली. एवढ्यात मफ्या पुढं येऊन माझ्यासमोर ताठ बसला. मजुरी. माझा हात सवयीनं खिशात गेला आणि मी भाकरी दिली, आणि त्यानं ती कुडूम कुडूम खाल्ली. ते बघून बंडप्पाअण्णांचं तोंड असं पघळलं मामा, की मी जन्मात तसं बघितलं नव्हतं. म्हणाले, "मुका जीव तुझ्या हातचं खातोय, म्हंजी तू हितं रुळलास. ज्याला कुत्रं सोडत न्हाय, तो जागा सोडत न्हाय." आणि उठून, ती खोळ तशीच पाठीवर घेऊन, ढगात निघून गेले. मला हसावं का रडावं कळंना. मग मी आत जाऊन हसलो.

पुढचं थोडक्यात सांगतो (आता खरंच थोडक्यात). परवा मॅडमच्या मैत्रिणी आल्या होत्या. त्यातल्या एकीनं प्रदर्शनातून घेतलेली पिशवी सगळ्यांना दाखवली आणि कौतुकानं खाली ठेवली. पोत्याचीच, त्याच्यावर हत्ती काढलेला. मी चहाचा ट्रे घेऊन येत होतो. मफ्या पिशवीपाशी गेला, ती हुंगली, गिरक्या मारल्या, पिशवीचं तोंड उघडंच होतं, आणि आतल्या रुमालासकट सगळं काम करून सगळ्यांच्या देखत माझ्यापुढं येऊन बसला. सगळ्या बायका माझ्याकडं बघतायत, मफ्या माझ्या खिशाकडं बघतोय. मामा, मी भाकरी द्यायला नको होती. पण त्याचा काय दोष? त्याला शिकवलं तेच त्यानं केलं होतं. मी एका हातात ट्रे धरून दुसऱ्या हातानं भाकरी काढली आणि दिली.

मॅडम ओरडल्या नाहीत. मैत्रिणी गेल्यावर त्यांनी उलटी ठेवलेली उशी सुलटी केली, पायपुसणं हुंगलं, भिंतीवरच्या तुकड्याकडं बघितलं, आणि म्हणाल्या, सिद्धाराम, तू त्याला फार छान शिकवलंस, पण आता ते पिल्लू ह्या घरात राहू शकत नाही. शनिवारपर्यंत त्याची चांगली सोय कर, तू राहा. सोय नाही झाली तर दोघंही जा. साहेबांनी त्यांचं वाक्य त्या दिवशी वापरलंच नाही, नुसतं मफ्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

तर असं आहे. मफ्या गेला तर मी टिकतो, मी टिकलो तर तुमचा शब्द टिकतो. आणि खरं सांगू का, आजवर प्रत्येक ठिकाणी मला सकाळी उठल्यावर वाटायचं, निघावं. इथं वाटलं नाही, कारण डोळे उघडले की हे बेणं माझ्यापुढं ताठ बसलेलं असायचं. असो. माझं तुमच्याकडं काही मागणं नाही. फक्त आशीर्वाद असू द्या. मामीला शरणु शरणार्थी. म्हशीला माझ्या नावानं एक पेंढी टाका.

तुमचाच,
सिद्धाराम

ता. क. — दुकानातल्या वासाबद्दल. इथून गेल्यावर अण्णा घरी न जाता थेट सास्तूरला तुमच्याकडं आले, "पोरगं टिकलं, दिवाळीत कुंकू लावू" म्हणाले, आणि तुम्ही खुशीनं त्यांना गादीवर बसवून जेवू घातलं, हे सगळं मला मामीनं सांगितलं. आणि जाताना ते खोळ तुमच्याकडंच विसरून गेले, हेही. ती खोळ गादीच्या मागं खुंटीला असंल. तिला हुंगू नका, थेट धुवा. दोनदा धुवा. आणि मापाड्याला एक चहा पाजा, पायांबद्दल मी त्याची माफी मागतो असं सांगा, पण का ते सांगू नका.

ता. क. दुसरं — शिवलीलाचा फोन आला होता. अण्णा बेंबळीच्या पारावर बसून ज्याला त्याला सांगतायत की पुण्याच्या पलीकडं पाऊस गरम पडतो, स्वतः अंगावर घेतलाय. तिनं विचारलं, "खरं सांगा, काय भानगड हाय?" मी सांगितलं. ती एवढी हसली की तिचा फोन हौदात पडला. दुसऱ्या दिवशी तिच्या मामेभावाच्या फोनवरून तिचं म्हणणं आलं. "अण्णांना मरेस्तोवर कळता कामा नये. आन् ते पिल्लू लग्नात आलंच पायजे, न्हाय तर मी बोहल्यावर चढणार न्हाय." म्हणजे आता अट बापाचीही आहे आणि लेकीचीही. मी टिकलो पाहिजे आणि मफ्याही. दोघांना एका ठिकाणी टिकता येत नाही, म्हणून दोन ठिकाणी टिकवायचं ठरवलंय.

ता. क. तिसरं — मामा, दिवाळीपर्यंतच. खायला काही लागत नाही, कडक भाकरी पुरते. ती मिळाली की भुंकत नाही. सास्तूरला पाऊस कमी, तेव्हा छत्री लागणार नाही. फक्त एकटा गावात सोडू नका. भूकंपानंतरची आपली घरं सगळी एका मापाची, त्याला आपलं दार ओळखायचं नाही.

ता. क. शेवटचं — युवराज चहा पिताना सारखी टोपली चाचपत होता का? ती आता रिकामी असणार. मी त्याला सांगून ठेवलंय की मामांनी चष्मा लावून कागद हातात घेतला, की टोपली थप्पीपाशी ठेवायची आणि झाकण काढायचं. पत्र एवढं लांब का लिहिलं म्हणून तुम्ही मनात शिव्या घालत असाल. नव्या जागेची माहिती करून घ्यायला त्याला तेवढा वेळ लागतो. आता मान वर करा. तो तुमच्यापुढं ताठ बसून खिशाकडं बघत असंल. थप्पीकडं नंतर बघा मामा. आधी त्याला भाकरी द्या, त्यानं त्याचं काम केलंय.